जुनी कॅम्पर व्हॅन: आधी पत्रा बघा, मग इंजिन

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये स्लाव इथे राहतो. १९९९ ची फोक्सवॅगन टी४ कॅम्पर विक्रीला आहे: २.५ लिटर टीडीआय डिझेल, वर उघडणारं छप्पर, आतलं फर्निचर नवंकोरं. एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची इथली वार्षिक तपासणी, गेल्याच महिन्यात पास झाली आहे. सासू-सासरे येतील तेव्हा त्यांना स्कॉटलंड दाखवायचा विचार आहे. घ्यावी का?

उत्तर: फर्निचरवर भाळू नका. टी४ १९९० ते २००३ या काळात बनली, म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी गाडीही आता वीस वर्षांपुढची आहे. नीट राखलं तर हे पाच सिलिंडरचं इंजिन दणकट आहे. गाडी मरते ती गंजाने. इंजिनाचा सुटा भाग बदलता येतो. कुजलेला पत्रा मात्र कापून वेल्डिंग करावं लागतं, आणि आतलं इन्सुलेशन पेटू नये म्हणून तेच नवंकोरं फर्निचर आधी उचकटावं लागतं.

एमओटी पास याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी गाडी किमान कसोटीला उतरली. तपासनीस गालिचा उचलत नाही की पॅनल खोलत नाही. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की जुन्या एमओटींचे निकाल फुकट दिसतात. ते सगळे वाचा. वर्षानुवर्षं ‘सिलला (दारांखालच्या लांब पट्टीला) गंज’ असा शेरा असेल आणि एका वर्षी तो एकाएकी नाहीसा झाला असेल, तर वेल्डिंगच्या पावत्या मागा. पावती नाही आणि खाली ताजं काळं अंडरसील (गाडीच्या तळाला लावायचा संरक्षक लेप) फासलंय, तर त्या थराखाली ओल कोंडून गंज सुखाने वाढतोय असं समजा.

बघायला जाताना जुने कपडे, टॉर्च, पातळ लोहचुंबक आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या. दारांखालच्या सिलची दोन्ही टोकं, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढच्या काचेच्या रबराखालचे कोपरे या मोक्याच्या जागा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका: चांगला पत्रा टणकारतो, कुजलेला भद्द वाजतो. चुंबक चिकटला नाही तर आत पुट्टी भरलेली आहे. कॅम्पर बनवताना पत्रा कापून खिडक्या बसवलेल्या असतात. कापलेली कड रंगवली नसेल तर गंज तिथूनच सुरू होतो. त्यामुळे खिडक्यांभोवतीचे फुगवटे बोट फिरवून बघा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच ते गरम केलेलं असेल तर पुन्हा जा. थंडीत सुरुवातीला पांढरा धूर आणि अडखळणं बहुधा ग्लो प्लगमुळे (थंड डिझेल इंजिन सुरू होताना आत उष्णता देणारा भाग) असतं, त्यात काळजीचं फार नाही. निळा धूर येत राहिला तर तेल जळतंय. गाडी मध्येच बंद पडते असं मालक सांगत असेल, तर आधी १०९ नंबरचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) बदलून बघावा. हा या गाड्यांचा जुना, ओळखीचा दोष आहे. भाग स्वस्त आहे, एक जादा जवळ ठेवावा.

खरी मेख टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळती ठेवणाऱ्या पट्ट्याची. या इंजिनात पुढच्या बेल्टखेरीज गिअरबॉक्सच्या बाजूला डिझेल पंपाचा वेगळा बेल्ट असतो. पोचायला अवघड आणि वर पंपाचं टायमिंगही जुळवावं लागतं, म्हणून पुष्कळ गॅरेज फक्त पुढचा बदलून मोकळी होतात. पुढचा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनच जातं. पावतीवर दोन्ही बेल्ट आणि वॉटर पंप लिहिलेले नसतील, तर ते काम झालेलंच नाही असं धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर आमच्या मते सोडून द्या.

घराचा भाग, म्हणजे गाडीतली राहायची जागा: ओल मोजायचं मीटर कपाटांच्या मागे लावा. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेलं तर गळती शोधायलाच हवी. छपराच्या कापडाच्या घड्या टॉर्चसमोर धरून छिद्रं बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी बाहेर जाणारं भोक हवंच. या राहत्या भागाच्या बॅटरीची जाड वायर फ्यूजशिवाय निघालेली दिसली, तर बाकीच्या वायरिंगवरही विश्वास ठेवू नका. फ्यूज बॅटरीला अगदी लगटून असला पाहिजे, नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली की आग लागते.

आता तुमचं स्लाव. गाव लंडनच्या हद्दीबाहेर असलं तरी हीथ्रो २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाचे पैसे भरावे लागतात त्या लंडनच्या पट्ट्यात, आहे. त्यात डिझेलला युरो ६ हा प्रदूषणाचा निकष लागतो, तो या गाडीला नाही. सासू-सासऱ्यांना हीथ्रोवरून आणायला गेलात की त्या दिवसाचे १२.५० पाउंड, लंडनमधल्या वेम्बलीला किराण्याला गेलात तरी तेच. त्या खेपांना दुसरी गाडी नसेल तर हा खर्च धरूनच निर्णय घ्या. शिवाय बाजूच्या दाराची पायरी उंच आहे आणि वरच्या पलंगावर चढणं गुडघ्यांना झेपत नाही. वडीलधाऱ्यांना खाली झोपवा, पायरीसाठी स्टूल ठेवा, आणि मागच्या सीटचे पट्टे गाडीच्या मूळ जागांना घट्ट बसवलेत ना, हे स्वतः खाली वाकून बघा.

आमचं मत: सिल कुजलेले असतील तर किंमत कितीही उतरवली तरी नको. पत्रा चांगला आणि फक्त बेल्ट बाकी असतील तर घ्या. पहिल्या वर्षासाठी खरेदीच्या निदान चौथाई रक्कम वेगळी ठेवा. हिवाळ्यात दर दोन आठवड्यांनी अर्धा तास रस्त्यावर चालवा. जागेवर नुसतं इंजिन चालू ठेवून उपयोग नाही, ब्रेक तसेच गंजतात.

प्रश्न: नाशिकला जुनी स्कूल बस, फोर्स ट्रॅव्हलर, मिळतेय. घेऊन कॅम्पर करावी का?

उत्तर: सुतार बोलावण्याआधी आरटीओत जा. स्कूल बस व्यावसायिक वर्गात नोंदलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. आरसीवर नोंद झाली नाही तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. लेखी परवानगी मिळेल अशी खात्री झाल्यावरच इसार द्या. आणि वजनावर लक्ष ठेवा: १८ मिलिमीटरच्या आठ-बाय-चार फुटी प्लायची एक शीट ३० ते ३५ किलो भरते, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. कपाटांना ९ मिलिमीटर पुरे, पलंगाखाली १२.