कासवांच्या केंद्रात पहिल्यांदा जाताय?

अरे ठाण्याहून डहाणूच्या कासव केंद्रात जायचं तर आधी परवानगीचं विचारून घे, ते झू नाही, हॉस्पिटल आहे. घोडबंदरचा ट्रॅफिक नको असेल तर दादरमार्गे विरार, तिथून डहाणू लोकल. पावसाळ्यात पेशंट जास्त, बरीचशी ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं, जाळ्यात अडकून फ्लिपर (वल्ह्यासारखे पाय) तुटलेली, काहींच्या अंगात हवा अडकते मग बुडताच येत नाही, नुसती तरंगत राहतात, बघून कसंतरीच होतं. फ्लॅश नको, हात लावायचं तर विसरच. आणि किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं तर बिचारं म्हणून पाण्यात ढकलू नकोस (सगळे हेच करतात!), सावली कर, पाठीवर ओलं फडकं टाक, नाक मोकळं ठेव आणि वनखात्याच्या १९२६ ला फोन लाव.