फाशांचा कट्टा: नवीन पुस्तकं घ्यायची का जुन्यावरच भागवायचं?

दिवाळी झाली आणि पेटी भरली. यंदा बहुतेकांचं रडगाणं एकच, की डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) आणि तसल्या गोष्टीच्या खेळांचं बाजारात एवढं सगळं नवीन आलंय तर नक्की घ्यायचं काय. जे पहिल्यांदाच हे पान उघडतायत त्यांच्यासाठी एका दमात सांगतो: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणायचं, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासा टाकायचा. बस. आता पत्रं.

मुलगी आठवीत आहे, स्ट्रेंजर थिंग्ज बघून तिला डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचंय. ऑनलाइन बघितलं तर तीन जाडजूड पुस्तकं आणि किंमत बघून घाम फुटला. तिन्ही लागतात का? घरात कोणालाच यातलं काही येत नाही. (एक आई, डोंबिवली)

ताई, आधी ती तिन्ही पुस्तकं कार्टमधून काढून टाका. प्लेयर्स हँडबुक, डंजन मास्टर्स गाइड आणि मॉन्स्टर मॅन्युअल ही तीन म्हणजे संपूर्ण संसार आहे, प्रत्येकी ३८४ पानं, आणि आठवीतल्या मुलीला पहिल्या दिवशी संसार कशाला. तिच्यासाठी सप्टेंबर २०२५मध्ये हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स नावाचा स्टार्टर सेट आलाय तो बघा. त्यात पुस्तिका, नकाशे, टोकन, फासे आणि भरपूर कार्डं आहेत, म्हणजे नियम पाठ करत बसायला नको, कार्ड समोर ठेवायचं आणि खेळायचं. फायटर (लढवय्या), विझर्ड (जादूगार), रोग (चोरटा) आणि क्लेरिक (पुजारी) असे पात्रांचे चार प्रकार, त्यातला एक निवडला की झालं. डीएम मात्र कोणीतरी व्हावंच लागेल, आणि माझा अनुभव असा की घरातला जो माणूस जेवताना किस्से सांगतो तो आपोआप चांगला डीएम होतो, मग तो आजोबा का असेना.

तेवढाही खर्च नको असेल तर बेसिक नियम खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीच्या साइटवर फुकट आहेत. आणि फासे नसतील तर एक गंमत सांगतो. १९७९च्या सुमारास या खेळाला एवढी मागणी आली की तेव्हाच्या कंपनीला फासेच पुरेनात, मग काही दिवस बॉक्समध्ये फाशांऐवजी नंबर छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे यायचे, ते कपात टाकून एकेक उचलायचा. आपण चोर-शिपाई खेळताना चिठ्ठ्या काढतो तसंच. मुख्य फासा वीस बाजूंचा असतो, त्याला डी२० म्हणतात, तेव्हा एक ते वीस आकड्यांच्या वीस चिठ्ठ्या करा, वाटीत टाका आणि चालू करा, फक्त उचललेली चिठ्ठी परत वाटीत टाकायला विसरू नका, नाहीतर पोरगी एकदा वीस काढून मोकळी होईल आणि बाकीच्यांना कधी मिळणारच नाही.

आमचा ग्रुप २०१५पासून खेळतोय, सगळ्यांकडे २०१४ची पुस्तकं आहेत. २०२४ची घेतलीच पाहिजेत का? का नुसतं कव्हर बदलून परत विकतायत? (कोथरूडचे पाच जण)

नुसतं कव्हर नाही, पण अगदी नवीन गेमही नाही. २०१४ची अ‍ॅडव्हेंचर्स (म्हणजे खेळायच्या तयार गोष्टी) २०२४च्या नियमांनी आरामात चालतात, आमच्याकडे मागच्या वर्षापासून तीच खिचडी शिजतेय. बदल कुठे जाणवतो ते सांगतो. क्युअर वुंड्स हा जखम भरायचा मंत्र आता एकाऐवजी दोन डी८ (आठ बाजूंचे फासे) टाकून जखम भरून देतो, त्यामुळे क्लेरिकला खरंच काही केल्यासारखं वाटतं. ताकद-बुद्धीचे जास्तीचे पॉइंट आधी तुम्ही एल्फ का ड्वार्फ यावर मिळायचे, आता तुम्ही आधी काय कामधंदा करत होता त्या बॅकग्राउंडवर मिळतात, हे मला फार आवडलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वेपन मास्टरी, इतकी वर्षं फायटर नुसता ‘मी मारतो, मी परत मारतो’ करत बसायचा, आता प्रत्येक हत्याराची स्वतःची एकेक खोड आहे.

ग्रेटस्वर्डचंच घ्या. त्याला ग्रेझ आहे, म्हणजे वार चुकला तरी तुमच्या ताकदीच्या मॉडिफायरएवढं, म्हणजे ताकदीमुळे फाशात मिळवायच्या आकड्याएवढं, तरी लागतंच. आमच्याकडे एक गॉब्लिन दोन हिट पॉइंटवर (म्हणजे उरलेल्या जिवावर) जीव मुठीत धरून पळत होता, फायटरने टाकला तर आले चार, मी म्हटलं वाचला बिचारा, तेवढ्यात त्या पोराने शांतपणे पुस्तक उघडून ग्रेझवर बोट ठेवलं, तीन डॅमेज, गॉब्लिन गेला. मी त्याला नाव पण ठेवलं होतं.

तर पाच जणांत मिळून प्लेयर्स हँडबुकची एक कॉपी घ्या. मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ला आलं, पाचशेच्या वर राक्षस-प्राणी आहेत, ते डीएमला वाढदिवसाला द्या. डंजन मास्टर्स गाइड शेवटी, घाई नाही.

दोन वर्षांत एकदम इतके नवीन फँटसी गेम कुठून उगवले? आणि डॅगरहार्टचं एवढं कौतुक का चाललंय? आम्हाला शनिवारी जेमतेम दोन तास मिळतात. (नाशिक)

यामागे एक भांडण आहे. २०००पासून एक लायसन्स होतं ज्याच्या जोरावर कोणीही डीअँडडीला जोडून स्वतःची पुस्तकं काढू शकायचा, त्यावर बऱ्याच छोट्या कंपन्या जगत होत्या. जानेवारी २०२३मध्ये ते लायसन्स बदलायचा मसुदा फुटला आणि लोक असे भडकले, सबस्क्रिप्शन कॅन्सल करायला लागले, की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली टाकून दिले, म्हणजे आता ते परत मागता येणार नाहीत. पण दुधाने तोंड पोळलं होतं. दुसऱ्याच्या जागेवर दुकान नको म्हणून जो तो आपापला गाळा बांधायला निघाला. पाथफाइंडर या डीअँडडीवरूनच निघालेल्या गेमवाल्यांनी तर स्वतःचे नियम परत लिहून काढले, त्यात मॅजिक मिसाइल या मंत्राचं नाव सुद्धा फोर्स बराज झालं. बारसं नवीन, पोर तेच.

डॅगरहार्ट मे २०२५ला आलं, क्रिटिकल रोल, म्हणजे ऑनलाइन शोमध्ये हे खेळ खेळून दाखवणारी मंडळी, त्यांच्या डॅरिंग्टन प्रेसकडून. यात डी२० बाजूला, दोन डी१२ टाकायचे, एक होपचा (आशेचा) आणि एक फिअरचा (भीतीचा). बेरजेवर जमलं का नाही ते ठरतं आणि कुठला फासा मोठा आला त्यावर पुढची गोष्ट कशी वळते ते. समजा भिंतीवरून उडी मारायचीय आणि पंधरा हवेत, होपवर सात आले, फिअरवर नऊ, म्हणजे सोळा, उडी जमली, पण फिअर मोठा, तर पलीकडे उतरलात ते नेमके झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर. दोन्ही फासे सारखे आले तर क्रिटिकल, म्हणजे दणक्यात यश. इनिशिएटिव्हची रांग, म्हणजे कोणाची पाळी कधी ते, पण नाही. कौतुक बरोबर आहे, पण ज्या टेबलावर एकच जण सतत बोलतो तिथे रांग नसणं हा त्रास आहे हेही लिहून ठेवतो.

तुमच्या दोन तासांना मात्र मी शॅडोडार्क म्हणेन, २०२३चं आहे, क्विकस्टार्ट, म्हणजे सुरुवातीपुरते नियम, फुकट मिळतं. त्यात मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते. मी फोनवर टायमर लावून टेबलाच्या मधोमध ठेवतो. पहिली पंचवीस मिनिटं पोरं निवांत चहा पितात, पन्नासाव्या मिनिटाला कोणीही ‘थांब ना, विचार करतोय’ म्हणत नाही.

रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घेतलाय, मिनिएचर (टेबलावर ठेवायच्या पात्रांच्या छोट्या मूर्ती) छान येतायत पण घरचे वासाने वैतागलेत. आणि रंगाआधीचा थर, प्राइमर, मारला की वर पावडर बसल्यासारखं खरखरीत दिसतं. काय चुकतंय? (ठाणे)

घरच्यांचं बरोबर आहे. प्रिंटर बेडरूममधून काढ, जिथे खिडकी आणि एग्झॉस्ट दोन्ही आहे तिथे हलव, नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय ओल्या रेझिनला हात लावू नकोस. आयपीएमध्ये (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) धुतल्यावर जो गढूळ द्रव राहतो तो बेसिनमध्ये ओतायचा नाही, पारदर्शक बरणीत उन्हात ठेव, रेझिन घट्ट होऊन तळाशी बसतं.

प्राइमरचं कारण हवा. पत्र तू ऑगस्टमध्ये लिहिलंयस, ठाण्यात ऑगस्टमध्ये स्प्रे मारला तर असंच होणार, दमट हवेत थेंब नीट बसतच नाहीत. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्राइमर वापर, स्प्रे थंडीसाठी ठेव.

आणि बाकीच्यांना, ज्यांच्याकडे प्रिंटर नाही, त्यांच्यासाठी मूर्तींऐवजी काय ठेवायचं ते: नकाशावर एक इंचाची चौकट म्हणजे पाच फूट. कॅरमची सोंगटी इंचापेक्षा थोडी मोठी असते, चौकटीबाहेर सांडते आणि शेजारच्या एल्फला ढकलते, त्यामुळे ती ओग्र या धिप्पाड राक्षसाला ठेवा, तो चार चौकटींचा असतो. माणसांसाठी रुपयाचं नाणं, वर कागद चिकटवून नाव लिहा. नकाशा काढायला व्हायनिलची मॅट घेतलीत तर वेट-इरेझ (ओल्या फडक्याने पुसणारा) मार्करच आणा. मी पहिल्याच दिवशी व्हाइटबोर्डच्या लाल मार्करने गुहा काढली, ती गुहा आज सहा वर्षं तिथेच आहे, आता आम्ही समुद्रात जहाजावर असलो तरी खाली ती असते.

आपल्याकडचं काही आहे का यात? सगळं किल्ले, ड्रॅगन आणि गोरे जादूगार. (कोल्हापूर)

आहे ना, पण सासरी गेल्यासारखं झालंय. राक्षस १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येच होता. वाघाचं डोकं, हातात पाइप, साहेबासारखा ऐटीत. तेव्हाच्या नियमांत आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की खलास, हे कुठल्या पोथीत सापडलं त्यांना देव जाणे. पुढे त्याचे तळहातही उलटे झाले. आपल्या गोष्टींत पावलं उलटी असतात ती हडळीची, ते मी माझ्या टेबलावर वापरतो, पोरं जास्त घाबरतात. जरा मनापासून केलेलं हवं असेल तर २०२२चं जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल बघा, त्यात कोलकात्याच्या मिमी मोंडल यांनी लिहिलेलं एक अ‍ॅडव्हेंचर आहे, नद्या आणि जंगलांच्या शंखभूमीत घडतं. ते वाचताना त्या पाइपवाल्या राक्षसाला बघून येतं तसं हसू येत नाही.

नोकरीसाठी स्टुटगार्टला आलोय, जर्मन अजून कच्चं आहे, खेळायला ग्रुप नाही. एकट्याने काही होतं का?

होतं. आयर्नस्वॉर्नची पीडीएफ फुकट आहे, डीएम लागत नाही. एक डी६ अधिक तुमचा गुण, समोर दोन डी१०, दोन्हींना हरवलं तर फत्ते, एकाला तर अर्धवट, कोणालाच नाही तर लिहून काढा काय वाट लागली ती. रात्री तासभर छान जातो. जर्मन थोडं सुधारलं की तिथल्यांचा स्वतःचा जुना गेम आहे, डास श्वार्त्सं आउगं, १९८४चा, तिथे कित्येकांचं बालपण त्यावर गेलंय, तेव्हा त्याचं नाव काढलंत तरी ऑफिसात कोणीतरी सापडेल. आणि ऑक्टोबरात एसेनला खेळांची जत्रा भरते, जाल तर बॅग रिकामी न्या.

मेटलचे फासे घेऊ का दादा? (सांगली, इयत्ता अकरावी)

घे, पण आधी ट्रे घे, किंवा ताटात जाड फडकं घाल. मी आईच्या सेंटर टेबलच्या काचेवर मेटलचा डी२० टाकला होता. आला एक.