या जानेवारीत गुलमर्गला जाऊ नकोस

सोलापूर,
20 डिसेंबर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. "सर, गुडघा आता अजिबात दुखत नाही. जानेवारीच्या स्कीइंग कोर्सला नाव दिलंय." फोनवर नीट बोलणं झालं नसतं, म्हणून लिहायला बसलो. माझं म्हणणं आधीच सांगतो. या हिवाळ्यात जाऊ नकोस.

रविवारी पार्क स्टेडियमवर तू पायऱ्या उतरत होतीस तेव्हा मी खाली उभा होतो. उजवा पाय खाली टाकताना काही नाही, अलगद. पण डावा टाकायची वेळ आली की हात कठड्याकडे जायचा आणि पाय धप्पकन पडायचा. डावा खाली जाईपर्यंत सगळं वजन वाकलेल्या उजव्या गुडघ्यावर असतं, आणि ऑपरेशन त्याच गुडघ्याचं झालंय. मांडीला तो भार अजून पेलवत नाही. तुला दुखलं नाही, म्हणून तुझ्या लक्षातही आलं नाही. मला मात्र रात्रभर तो धप्प ऐकू येत राहिला.

ऑपरेशन जुलैच्या अखेरीस झालं, म्हणजे कोर्सच्या वेळी जेमतेम साडेपाच महिने होतील. डॉक्टरांनी तुझ्याच मांडीमागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून तुटलेल्या एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या जागी बसवली. ती तिथे घातल्याबरोबर लिगामेंट होत नाही. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, जुन्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी तिच्यात शिरतात. या काळात ती ऑपरेशनच्या दिवशी होती त्यापेक्षाही कमजोर असते, आणि पूर्ण मुरायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. सूज आणि दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी जातं. गुडघा बरा वाटतो, पण आतली दोरी अजून कच्ची असते. सगळ्यात जास्त घात याच मधल्या महिन्यांत होतो.

मीही त्यातच फसलो. चोवीस वर्षांचा होतो, पहिलं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते आणि खो-खोची निवड चाचणी आली. डॉक्टरांनी नऊ महिने थांबायला सांगितलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून त्यांना न विचारता गेलो. पळतीला उतरलो, खांबापाशी हुलकावणी द्यायला पाय रोवून वळलो. अंगाला कुणाचा हातही लागला नव्हता. आतून काहीतरी सटकलं आणि मी मातीत बसलो. दुसऱ्या ऑपरेशनला गुडघ्यातल्या गादीचा फाटलेला तुकडाही काढावा लागला. आज मला मांडी घालून बसता येत नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी उभा राहिलो की अर्ध्या तासात गुडघा भरून येतो. हे मी कधी कुणाला सांगत नाही, तुला मुद्दाम सांगतोय.

आणि हे तर स्कीइंग. बूट घोट्याला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे पिळ्याचा सगळा जोर वर गुडघ्यावर येतो. मागे बसल्यासारखं पडताना कंबर गुडघ्याच्या खाली जाते, उताराकडच्या स्कीचं मागचं टोक बर्फात रुततं आणि वाकलेला गुडघा आत पिळला जातो. फेब्रुवारीत तुझा गुडघा असाच गेला ना? बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग सुटलं तर नडगीचं हाड वाचतं, पण एसीएल वाचेलच असं नाही, कारण या पिळ्यात बाइंडिंग बहुतेकदा सुटतच नाही. गुडघ्याला आधाराचा पट्टा, ब्रेस, घालून जाईन म्हणशील. ब्रेसमुळे कच्ची दोरी पक्की होत नाही.

अमेरिकेच्या स्कीपटू लिंडसे व्हॉनचे व्हिडिओ तूच मला दाखवले होतेस. फेब्रुवारी 2013 मध्ये ती श्लाडमिंगला पडली आणि एसीएल गेलं. जगातले उत्तम डॉक्टर आणि ट्रेनर हाताशी, तरी नोव्हेंबरमध्ये सराव करताना तेच नवं लिगामेंट अर्धवट फाटलं. डिसेंबरच्या शर्यतीत गुडघा पुन्हा दगा देऊन गेला आणि जानेवारी 2014 मध्ये तिने सोची ऑलिंपिकमधून माघार घेतली. मग ती थांबली, आणि डिसेंबर 2014 मध्ये लेक लुईसला पुन्हा जिंकली. तू साडेपाच महिन्यांवर जायला निघाली आहेस.

नऊ महिने हा आकडाही कुणी सहज ठरवलेला नाही. असं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, त्यातल्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरलेलं दिसलं. पण कॅलेंडरवर नऊ महिने भरले की झालं, असंही नाही. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवी, एका पायावरची लांब उडीही तेवढीच. उडीवरून उतरताना गुडघा आत झुकता कामा नये. हे तुझे फिजिओ मोजून सांगतील, आणि हो म्हणायचा अधिकार त्यांचा आणि डॉक्टरांचा. माझा नाही, तुझाही नाही.

तुझी घालमेल मला कळते. फी भरली आहे, बरोबरच्या मुली पुढे जातील, सोलापूरच्या पोरीला बर्फ वर्षातून एकदाच भेटतो. फीचं आज फोन करून विचार, पुढच्या हंगामाला वळवून देतात का. नाही दिली तरी तेवढे पैसे जाऊ देत. तुझा भाऊ यात्रेतल्या त्या उंच, जड नंदीध्वजाच्या सरावाला जातो ना? सराव न केलेल्याच्या कंबरेला यात्रेच्या दिवशी थेट ध्वज देतात का, त्याला विचार.

पुढच्या हिवाळ्यात जाशील तेव्हा ऑपरेशनला सतरा महिने झालेले असतील. पहिले दोन दिवस फक्त सोप्या उतारावर, तेही जेवणापर्यंतच. थकलेली मांडी गुडघ्याला सांभाळत नाही. बाइंडिंग स्वतःच्या वजनाप्रमाणे लावून घे, भाड्याच्या सामानावर विश्वास ठेवू नकोस. तोल गेला तर हात पुढे ठेव, पाय ताठ करू नकोस, आणि घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची धडपड करू नकोस.

मंगळवारी पहाटे सहाला पार्कवर ये. शिंप्याकडची टेप आणि खडू मी आणतो. दोन्ही मांड्यांचा घेर मापू, एका पायावरच्या उड्या मोजू आणि आकडे तुझ्या फिजिओला पाठवू. काल रात्री तुझ्या आईशी बोललो, पण कोर्सबद्दल काही सांगितलेलं नाही. ते तू सांग, मंगळवारच्या आधी.

तुझे,
सर