कॉलेजातल्या खेळाडूला पैसे? मग काय, फक्त कोचनेच घ्यायचे?

प्रश्न: दादा, माझा भाचा टेक्ससला असतो. तो फोनवर सांगत होता की तिकडे कॉलेजच्या फुटबॉलवाल्या पोरांना आता कॉलेजच पैसे वाटतं, तेही लाखांत. अहो फी माफ, राहणं-खाणं फुकट, आणि वर पगार? शिकायला गेलेत की कमवायला?
– एक वाचक, सातारा

उत्तर: काका, भाचा खरं सांगतोय, १ जुलै २०२५ पासून हे सुरू झालंय. पण त्याच टेक्ससची दुसरी गोष्ट त्याने सांगितली नाही वाटतं. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर या अमेरिकन फुटबॉलच्या कोचला काढलं आणि करार मध्येच मोडला म्हणून त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायचं कबूल करावं लागलं. काम करण्याचे नाही हो, घरी बसण्याचे! तिकडे कितीतरी राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी माणूस कोण, तर राज्यपाल नाही, सरकारी विद्यापीठाचा कोच. टीव्हीचे पैसे अब्जांत, स्टेडियम लाखाच्या आसपास माणसांचं, आणि ज्याच्या गुडघ्याची वाट लागते तो मात्र 'हौशी', त्याने पैशाचं नाव काढायचं नाही.

या पोरांचं सगळं बघणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिचे नियम काय लेव्हलचे होते बघा. खेळाडूला नाश्त्याला नुसता बेगल (कड्यासारखा गोल पाव) देता येत होता, त्यावर बटर किंवा चीज लावून दिलं की नियमभंग. ही चेष्टा नाही, खरंच असं होतं, २०१३ पर्यंत. मग २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाच्या शबाझ नेपियरने बास्केटबॉलच्या फायनलच्या वेळी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर सांगितलं की कधीकधी मी उपाशीच झोपतो. त्याच महिन्यात खाण्यावरची मर्यादा उठवायचं ठरलं. म्हणजे करता येत होतं, करायचं नव्हतं एवढंच.

फुकट शिक्षण मिळतं हे बरोबर, पण जखमी झाला तर काय? १९५५ मध्ये कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. बायकोने नुकसानभरपाई मागितली, तर राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये सांगितलं की कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, तेव्हा काही मिळणार नाही. धंदा नाही म्हणे!

हे सगळं ढासळलं ते कोर्टातच. आधी एड ओबॅनन, जुना बास्केटबॉल खेळाडू, त्याला व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब स्वतःच दिसला, पैसा मात्र शून्य, त्याने २००९ ला एनसीएएवर केस टाकली. मग २०२१ मध्ये ऑल्स्टन केसचा (खेळाडूंच्या शैक्षणिक मदतीवर घातलेल्या मर्यादेची केस) निकाल, तिथे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एनसीएए ९ विरुद्ध ० हरली. जज कॅव्हानॉ यांनी तर वेगळं लिहून विचारलंय की बाजारभावाने पैसे न देणं हीच आमच्या मालाची खासियत आहे असं म्हणून दुसरा कुठला धंदा सुटला असता का. त्यानंतर लगेच खेळाडूला आपलं नाव-चेहरा वापरून जाहिराती करायची मोकळीक मिळाली. आणि आता कॉलेज थेट देऊ शकतं.

राहिला अभ्यास. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ असे अठरा वर्षं बोगस क्लास चालले, तीन हजारांवर विद्यार्थी, त्यातले निम्म्याच्या आसपास खेळाडू. तेव्हा तर कुणाला छदाम मिळत नव्हता! पैशाने अभ्यास बिघडेल ही काळजी एवढी उशिरा कशी सुचते लोकांना, कळत नाही.

प्रश्न: पैसे द्या हो, पण मग ज्याच्या खिशात दम तो सगळी पोरं पळवणार ना? नियम कोण करणार?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, पळवापळवी चालूच आहे. श्रीमंत माजी विद्यार्थी आणि चाहते 'कलेक्टिव्ह' नावाची मंडळं काढून पैसे गोळा करतात आणि जाहिरातीच्या नावाखाली पोराला देतात, पोरगं दरवर्षी कॉलेज बदलतं.

त्यावर उपाय म्हणून जून २०२५ मध्ये जज क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर टाकलेल्या हाउस केसची तडजोड मंजूर केली. मागची भरपाई सुमारे २.८ अब्ज डॉलर, दहा वर्षांत. आणि पुढे एका कॉलेजने वर्षाला जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर वाटायचे, हा आकडा पहिल्या वर्षाचा, नंतर वाढत जाणार. बाहेरून ६०० डॉलरच्या वर डील असेल तर एका पोर्टलवर नोंदवायची, तिथे बघणार की खरंच जाहिरात आहे की नुसती पाकिटं.

कागदावर छान आहे पण माझ्या मते पाया कच्चा आहे. एनबीए-एनएफएल या व्यावसायिक बास्केटबॉल-फुटबॉल लीगमध्येही टीमच्या पगाराला कमाल मर्यादा असतेच, पण ती खेळाडूंच्या युनियनने टेबलावर बसून मान्य केलेली असते, म्हणून कोर्टात टिकते. इथे कॉलेजांना मर्यादा हवी, युनियन नको. डार्टमथ कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल टीमने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनचा ठराव केला, कॉलेज चर्चेलाच बसेना, आणि निकाल देणाऱ्या सरकारी कामगार बोर्डाची माणसं बदलणार हे दिसल्यावर वर्षअखेर पोरांनी अर्ज मागे घेतला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेत जे स्कोअर अ‍ॅक्ट नावाचं बिल आणलं त्यात तर खेळाडू हे कर्मचारी नाहीतच असं लिहूनच टाकायचं होतं, वर एनसीएएला केसेसपासून संरक्षण. याला नियमन म्हणायचं की जुनंच दुकान नव्या पाटीखाली? खेळाडूंना बोलणीत घ्या, किमान विमा आणि जखमेचा खर्च कराराच्या पहिल्या पानावर आणा, मग मर्यादेचं बोला.

मुलींचा प्रश्न तर वेगळाच. भरपाईतला बहुतेक वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलला जातोय, शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यात हे बसतं का म्हणून काही महिला खेळाडूंनी अपील केलं.

प्रश्न: मुलगी टेनिस खेळते, अमेरिकन कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल असं दिसतंय. तिलाही असे पैसे मिळतील का?
– एक आई, नाशिक

उत्तर: स्कॉलरशिप बिनधास्त घ्या. बाकी पैशाचं मात्र जपून, कारण ती एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जाणार आणि त्यावर काम करून कमवायला कडक बंधनं आहेत. पर्ड्यू विद्यापीठाचा बास्केटबॉल खेळाडू झॅक एडी, सात फूट चार इंच, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, पण कॅनडाचा, त्यामुळे टीममधले बाकीचे कमवत होते तसं त्याला जमलं नाही. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शीब्वे मूळ काँगोचा, त्याने टीम २०२२ मध्ये बहामाजला गेली तेव्हा अमेरिकेबाहेर जाहिरातींचं शूटिंग करून घेतलं!

तेव्हा रील टाकायचे पैसे देतो म्हणून कुणी मेसेज केला तर आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, मोठी रक्कम असेल तर इमिग्रेशन वकिलालाही दाखवा. कोच 'होतं सगळं' म्हणाला तरी ऐकू नका, व्हिसा त्याचा नाही, तुमच्या मुलीचा आहे. आणि अजून एक विचारून ठेवा, टीममध्ये किती जागा आहेत आणि स्कॉलरशिप किती वर्षांची, कारण या नव्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांच्या प्रत्येक टीमला खेळाडूंची कमाल संख्या ठरवून दिलीय आणि फुटबॉलला पैसे गेल्यावर कात्री पहिली टेनिस, स्विमिंग असल्यांवरच चालते.