प्लिमथ सुटी करण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. आजोबांची १९५१ ची प्लिमथ मोटार पंचवीस वर्षे पडवीत ताडपत्रीखाली उभी राहूनही तिचे छप्पर शाबूत आहे, हे नशीबच म्हणायचे. मात्र दिवाळीच्या सुट्टीत चार मित्र बोलावून सगळी गाडी सुटी करायची, बॉडी रंगाला पाठवायची आणि इंजिनाचे पुढे सवडीने बघायचे, हा तुझा बेत वाचला आणि लगेच उत्तर लिहायला बसलो.

कारण हाच बेत माझाही होता. माझी पहिली गाडीही प्लिमथच होती आणि एका उन्हाळ्यात मी ती शेवटच्या नटापर्यंत सोडवली. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरले, डब्यांवर कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि आपण फार पद्धतशीर काम केले म्हणून स्वतःवर खूश झालो. पावसाळ्यात चिठ्ठ्यांची खळ झुरळांनी खाल्ली, त्यानंतर माझी बदली झाली, आणि ती गाडी अकरा वर्षे त्या डब्यांतच राहिली. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: एका वेळी एकच जागा उघडायची, आणि ती बंद होऊन काम करू लागल्याखेरीज दुसरीला पाना लावायचा नाही. रंग सर्वांत शेवटी. तोवर लोहचुंबक घेऊन पत्र्यावर फिरवून ठेव. जिथे तो धरणार नाही तिथे खाली लांबी (म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे असे समज आणि वहीत नोंद कर.

आधी गाडी थांबली पाहिजे, म्हणून सुरुवात ब्रेकपासून. चाके काढताना डाव्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्यांचे, म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर सुटणारे, आहेत हे विसरू नकोस. प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत त्या काळी तशीच पद्धत होती. मला हे ठाऊक नव्हते. पान्याला चार फुटी पाइप लावून मी ते सोडवण्याच्या नादात आवळतच गेलो आणि दोन बोल्ट मुळाशी मोडले. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर आहे. त्यामुळे मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणारी गिअरांची पेटी) ते चाक मोकळे फिरते, त्याच्याबरोबर जमिनीवरचे चाकही फिरू शकते, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी जॅकवरून सरकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावल्याशिवाय जॅक फिरवायचा नाही, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही.

मागचे ड्रम निमुळत्या एक्सलवर, खाचेत बसणाऱ्या लोखंडी चावीने घट्ट बसलेले असतात. तुझ्या गावचा मिस्त्री घण काढेल. त्याला हात जोडून थांबव, कारण एक्सलच्या टोकावर घाव घातले की आटे बिघडतात आणि बेअरिंगही जाते. त्यासाठी हबला धरून ड्रम ओढून काढणारा दणकट पुलर लागतो. एक्सलचा नट मात्र पुरता काढू नकोस, चारपाच आट्यांवर राहू दे. ड्रम सुटतो तेव्हा तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. आतले व्हील सिलिंडर गंजून खड्डे पडलेले असतील, तर नुसते नवे रबर घालून भागवू नकोस. लेथवर बोअर करून आत स्लीव्ह (नवी नळी) बसवून घे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारी हुशार माणसे आहेत. रबरी होज तिन्ही नवे, नळ्याही नव्या. या गाडीला एकच मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) आणि एकच सर्किट असल्यामुळे एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, आणि शाफ्टवरचा तो हँडब्रेक धावती गाडी थांबवण्यासाठी केलेलाच नाही.

मग पाणी. तुझे आजोबा सांगत की घाटात गाडी उकळायची, असे तू लिहिले आहेस. रेडिएटर धुऊन झाला असेल, तरी मूळ दुखणे बहुधा तिथे नाही. या साइडव्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) सहा सिलिंडर इंजिनात वॉटरपंपाच्या मागे, ब्लॉकच्या पुऱ्या लांबीची एक चपटी पत्र्याची नळी असते. तिला ठरावीक अंतरावर खाचा असतात, आणि त्या खाचांतून थंड पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींवर पडते. नळी सडली की पाणी पुढच्या पुढेच फिरून परत जाते. डॅशबोर्डवरचा काटा ठीक दाखवतो आणि मागचे पाचवे-सहावे सिलिंडर भाजत राहतात. रेडिएटर, पंखा आणि पंप काढल्यावर नळीचे तोंड समोर दिसते. सळईच्या टोकाला आकडा वाकवून ती ओढायची, मध्ये गंज सोडवणारे तेल सोडायचे, पुन्हा ओढायची. माझी नळी काढायला तीन रविवार गेले आणि शेवटी हातात आली ती पापडासारख्या तुकड्यांनी. तेवढ्यात ब्लॉकच्या बाजूची भोके बुजवणाऱ्या वाटीसारख्या डमी काढून घे. मागच्या सिलिंडरच्या तळाशी ओल्या विटकरी चिखलाचा थर सापडेल; तो तारेने खरवडून, पाण्याचा फवारा मारून, स्वच्छ पाणी येईपर्यंत काढ. नवी नळी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची घे.

नळी अमेरिकेतून मागवावी लागेल, आणि इथे एक मोजमाप पैसे वाचवेल. क्रायस्लरचे हे इंजिन दोन लांब्यांत निघत असे (प्लिमथ, डॉज, डिसोटो ही सारी त्याच कंपनीची नावे). अमेरिकन प्लिमथ-डॉजचे सिलिंडर हेड सुमारे २३ इंच, तर डिसोटो-क्रायस्लरचे आणि कॅनडात बनलेल्या इंजिनांचे सुमारे २५ इंच असते. एकाची नळी किंवा हेड गॅस्केट दुसऱ्याला चालत नाही. शिवाय इतक्या वर्षांत कोणी इंजिन बदललेले असू शकते (आपल्याकडे अशा कितीतरी गाड्यांत पुढे डिझेल इंजिने बसली), म्हणून कागदपत्रांवर विसंबू नकोस. ब्लॉकच्या डाव्या अंगाला, डायनामोच्या वर, हेडच्या लगेच खाली सपाट जागेवर ठोकलेला नंबर वाच आणि हेडवर टेप धर.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी केली, हे तुला माहीत असेलच. तुझ्या कामाचा भाग एवढाच की त्या काळी परदेशांसाठी निघणारी डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या मुळात तोंडवळा बदललेल्या प्लिमथच होत्या, तेव्हा सुटे भाग शोधताना ही दोन्ही नावेही विचार. ब्रेक, इंजिन आणि गिअरबॉक्सचे बरेचसे सामान अमेरिकेत आजही मिळते. मात्र तिथल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या, त्यामुळे उजव्या स्टिअरिंगसाठीचे तुझे भाग तिकडच्या दुकानांत सहसा मिळायचे नाहीत. स्टिअरिंग बॉक्स कितीही ढिला वाटला तरी भंगारात टाकू नकोस.

विजेबद्दल थोडक्यात. ही गाडी सहा व्होल्टची आहे आणि अर्थ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. इलेक्ट्रिशियन सवयीने बॅटरी उलटी जोडेल, तेव्हा स्वतः जवळ उभा राहा. सेल्फ ओढत नाही म्हणून बारा व्होल्ट करून टाका, असा सल्ला दहा जण देतील. बहुतेक वेळा दोष व्होल्टचा नसतो, नंतर कोणीतरी लावलेल्या बारा व्होल्टच्या बारीक केबलचा असतो. अंगठ्याएवढ्या जाड केबल टाक, अर्थची जागा घासून लखलखीत कर, आणि मग ठरव.

पेट्रोलसाठी कॉम्प्रेशनची काळजी नको, ते ७ ला १ आहे आणि साधे पेट्रोल पुरते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने फुगते, म्हणून इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि होज इथेनॉल सोसणारे घे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी कर.

नोंदणीचेही आताच ध्यानात ठेव. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मूळ रूप बिघडवणारा बदल केलेला नसावा लागतो. डिस्कब्रेक, पॉवर स्टिअरिंग, जपानी इंजिन असे मित्रांचे सल्ले ऐकण्याआधी हे वाचून घे.

दिवाळीला मी कोल्हापुरातच आहे. गाडी आणू नकोस. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि इंजिन नंबरचा स्वच्छ फोटो घेऊन ये. पुलर माझ्याकडे आहे, तो जाताना घेऊन जा, पण परत आणून दे. मागच्याने नेलेला अजून आलेला नाही.

तुझा,
काका