खिलार खोंडाच्या मांडीवरचे पिवळे डाग कोणत्या शॅम्पूने जातात? बाजाराआधी नीळ लावली तर चालते का?

शॅम्पूचं नंतर सांगतो. नीळ शब्द वाचला म्हणून लिहायला बसलोय.

जानेवारी 2014, सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीची पौषी जत्रा, जनावरांच्या बाजाराची. आमचा खोंड, म्हणजे खिलार जातीचा तरुण बैल, चार दाती (चार पक्के दात आलेला), शिंगं जोडीला जोड, शेपूट सडपातळ, अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरायची. महिनाभर मी त्याला रोज गोणपाटानं कोरडाच पुसत होतो. जत्रेच्या आदल्या रात्री खाली पाचट पसरलं आणि झोपायला गेलो. पहाटे उठून बघतो तर थोरल्या दादानं त्याला मोटारीच्या पाण्यावर उभा केलेला. पौषातली थंडी, खोंड कुडकुडतोय, बादलीत कपड्याची पावडर आणि वर झाकणभर नीळ. म्हटलं, अरे हे काय? तर म्हणाला, "तुला बाजारातलं काय कळतं?"

लांबून खोंड दिसला मात्र चांदीसारखा, हे कबूल करतो.

जत्रेत दुपारपर्यंत गिऱ्हाईक आलं. हेड्यानं, म्हणजे दलालानं, उपरण्याखाली आमच्या आण्णांची बोटं दाबून भाव सांगितला, सौदा जवळजवळ जुळलाच होता. तेवढ्यात गिऱ्हाइकानं अंगठा जिभेला लावला आणि वशिंडाच्या (खांद्यावरच्या उंचवट्याच्या) मागच्या खाचेत घासला. अंगठा निळा. माणूस चिडला नाही की काही नाही. धोतराला अंगठा पुसला आणि हेड्याला एवढंच म्हणाला, "रंग लावलाय म्हंजे खोड असणार." संपलं. तासाभरात ओळीतल्या सगळ्या दावणींना खबर. मग आमच्या खोंडाचे दात बघायलाही कुणी थांबेना. मारका नाही, बुजरा नाही, पण कुणाकुणाला पटवून सांगणार?

त्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली आणि आमच्याकडं खोंडांचे भाव बसले. त्या दिवशी गेला असता तर, हे वाक्य आमच्या घरात अजून दर जेवणाला निघतं. आणि दादा पाहुण्यांत सांगत फिरतो की नीळ धाकट्यानं जास्त ओतली. झाकण त्याच्या हातात होतं. आई चुलीपाशी बसून बघत होती, तिला विचारा.

शिवाय पंधरा दिवस खोंडाच्या अंगावरून कोंडा झडत होता. खिलाराची कातडी पातळ, केस आखूड. पावडरीनं अंगचं तेल जातं, केस भुरकट होतात. आणि बैल स्वतःला चाटतो, म्हणजे ती पावडर त्याच्या पोटातही जाते.

आता तुमचे डाग. ते मुताचे आहेत. जनावर ओल्यात बसतं म्हणून पडतात, त्यामुळं धुऊन आज गेले तरी परवा परत येणार. गोठ्याला मागच्या बाजूला उतार द्या, दिवस मावळायला शेण-मूत काढा, मगच कोरडं पाचट किंवा कडब्याची चगाळ (जनावरानं खाऊन उरलेला कडबा) टाका. वाळलेलं शेण खरवडू नका. ओलं गोणपाट दहा मिनिटं धरून ठेवा, मग काथ्याच्या चोथ्यानं केसांच्या दिशेनं घासा. मूठभर रिठे रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करून फेस काढा, तेवढा बास. डोळ्यांत जाऊ देऊ नका, जबर झोंबतो. कानात पाणी नको. लोखंडी खरारा मांडीच्या आतल्या बाजूला अजिबात नको. थंडीत धुवायचं तर ऊन चढल्यावर, पहाटे नाही (हे दादासाठी).

जुना डाग एका धुण्यात जात नाही. नवे केस आले की जातो, तोवर धीर धरा.

मान आणि वशिंड काळपट पडत असेल तर तो मळ समजू नका. न खच्ची केलेला खोंड वयात येताना तिथं काळवंडतोच, कोसा (करड्या रंगाचा खिलार) असेल तर जास्तच. आमच्याकडं तेही घासून झालंय.

नीळ म्हणजे पापच, असंही नाही. बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) मिरवणुकीपुरते बादलीला दोन थेंब टाकणारे आमच्या गावातही आहेत, बैल बरा दिसतो. पण विकायला न्यायचा असेल तर हातसुद्धा लावू नका. आणि अंगावर गाठी दिसल्या तर धुणं-घासणं सोडा, त्याला बाकीच्या जनावरांपासून लांब बांधा आणि डॉक्टरला बोलवा. 2022 मध्ये लम्पीनं, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या साथीनं, काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय.

आमचा खोंड मग विकलाच नाही. अजून दावणीला आहे, म्हातारा झालाय. बेंदराला त्याला मीच धुतो, शिंगंही मीच रंगवतो. दादाला झूल धरून उभा करतो, बादलीपासून लांब.