लष्करी रुग्णालयातली चूक : दाद कुठे मागायची?

प्रश्न : वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ईसीएचएसची (माजी सैनिकांची आरोग्य योजना) वर्गणी भरलेली आहे. दीड वर्षापूर्वी लष्करी रुग्णालयात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पोटदुखी काही थांबेना. गेल्या महिन्यात कराडला खासगी दवाखान्यात सीटी स्कॅन केला, तर आत गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिलेला. ऑपरेशन करून तो काढला. 'उपचार फुकट होते, तक्रार चालणार नाही,' असं सगळे म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : खरं नाही, आणि या समजापायी हक्कावर पाणी सोडू नका. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं; लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मिळणारे उपचार फुकट धरता येत नाहीत, हेही त्याच निकालात आहे. २०२३ मध्ये तर हवाई दलाच्या एका माजी जवानाला याच न्यायालयाने १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये भरपाई दिली. २००२ मध्ये सांबा इथल्या लष्करी रुग्णालयात चढवलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याची तक्रार आधी फेटाळली होती. तुमच्यासमोरही 'तुम्ही ग्राहकच नाही' हाच आक्षेप पहिला येईल. तेव्हा वर्गणीची पावती आणि ईसीएचएस कार्डाची प्रत तक्रारीलाच जोडा.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथे दाखल करण्याची मुभा आहे. आयोगाचं शुल्क मागितलेल्या भरपाईवर नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं. ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. विरुद्ध पक्षात संरक्षण सचिवांमार्फत 'युनियन ऑफ इंडिया', म्हणजे केंद्र सरकार, हे नाव हवंच. नुसत्या डॉक्टरांवर तक्रार केली तर बदली झालेल्या माणसाला नोटीस बजावण्यातच महिने जातात.

मुदत २ वर्षांची. गॉज आत राहिल्याचं कळलं तेव्हापासून ती मोजावी, असं म्हणता येतं. पण त्यावर विसंबू नका. ऑपरेशनच्या तारखेपासून धरलं तर हातात जेमतेम सहा महिने आहेत. त्याच्या आत दाखल करा, म्हणजे विलंबमाफीचा अर्ज करण्याची वेळच येणार नाही.

आता पुरावा, कारण अशी प्रकरणं बहुतेक इथेच फसतात. काढलेला गॉज दवाखान्याने पॅथॉलॉजीकडे पाठवला का, हे आजच विचारा. तो फेकला गेला असेल, तर दुसऱ्या ऑपरेशनची नोंद, फोटो आणि सीटीची फिल्म यांवरच भिस्त राहते. 'गाठ काढली' एवढंच लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड स्वीकारू नका. काय निघालं आणि कुठून, हे सर्जनच्या सहीने त्यात हवं. लष्करी रुग्णालयाकडे वडिलांच्या सहीने लेखी अर्ज करून संपूर्ण केसपेपर मागा. त्यात ऑपरेशनची टिपणं, संमतीपत्र आणि टाके घालण्याआधी गॉज मोजल्याची नोंद मिळायला हवी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे कागद ७२ तासांत द्यायचे असतात, आणि दाखल रुग्णांचे कागद जपायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचंच आहे. टाळाटाळ झाली तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. मोजणीची नोंद सापडली नाही तरी तेही तुमच्याच बाजूचं आहे, म्हणून ती नेमकी नाव घेऊन मागा.

पोलिसांत जाण्याची घाई करू नका. डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाचं २००५ चं बंधन आहे, आणि त्या मार्गाने भरपाई मिळत नाही.

प्रश्न : सेवेत असताना गुडघ्यावर चुकीचे उपचार झाले. अपंगत्व पेन्शन नाकारली. भरपाई आणि पेन्शन एकाच अर्जात मागता येईल?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : नाही. पेन्शनसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. अंतिम नकार मिळाल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेत वाढलं, हे तिथे दाखवायचं असतं. हलगर्जीपणाची भरपाई वेगळी, ग्राहक आयोगात मागा. नकाराचं पत्र आणि मेडिकल बोर्डाचे कागद घेऊन आधी सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि पत्र हातात पडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा.